इरईचा ओरखडलेला खडक आणि हिमनदीचा तळ

महोदय,

उन्हाळी सुट्ट्या जवळ आल्या की हिमालयातल्या पदभ्रमणाचे आणि हिमनद्यांचे लेख मराठी पुरवण्यांत येऊ लागतात. छायाचित्रे सुंदर असतात, लिहिणाऱ्यांची तळमळही खरी असते. पण हिमनदी डोंगर कसा घडवते हे सांगायची वेळ आली की बहुतेक ठिकाणी एकच वाक्य भेटते : बर्फाच्या प्रचंड वजनाने खडक घासला जातो आणि दरी तयार होते. उत्तरपत्रिकेत हे चालून जाईल, पण ते बरोबर नाही. महाराष्ट्रात तरी ही गोष्ट नीट कळायला हवी, कारण हिमनदीने ओरखडलेला खडक आपल्याच राज्यात, चंद्रपूरजवळ इरई येथे आहे. तो वाचता यावा आणि वाचवावासाही वाटावा, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहोत.

आधी बर्फाच्या कठीणपणाबद्दल. खनिजांचा कठीणपणा १ ते १० अशा काठिण्यांकाने मोजतात. वितळणबिंदूच्या आसपास असलेल्या बर्फाचा काठिण्यांक जेमतेम दीड असतो. आपल्या नखाचा अडीच, चुनखडीतल्या कॅल्साइटचा ३ आणि गारगोटीचा (क्वार्ट्झचा) ७. नखाने खरवडता येणारा बर्फ चुनखडीवर चरा पाडू शकत नाही. चरा पाडतात ते त्याच्या तळाशी रुतलेले दगड, खडे आणि वाळू. बर्फ त्यांना धरून ठेवतो आणि पुढे ओढतो, एवढेच त्याचे काम. तळाशी दगड नसलेला स्वच्छ बर्फ कितीही जाड असला तरी खडकाला फारसे काही करत नाही.

वजनाचा मुद्दा याहून नाजूक आहे. बर्फात रुतलेल्या दगडाला बर्फ सर्व बाजूंनी दाबतो, जसे बुडालेल्या गोट्याला पाणी दाबते. त्यामुळे वर ५० मीटर बर्फ आहे की ५००, यावरून दगड खडकावर किती जोराने टेकेल हे थेट ठरत नाही. जोर येतो तो तळाचा बर्फ वितळण्यातून. खालचा थर वितळला की वरचा बर्फ त्याची जागा घ्यायला खाली सरकतो आणि सरकताना दगडाला खडकाकडे रेटतो. वजनाचा हात यात आहे, पण आडून. दाब वाढला की बर्फाचा वितळणबिंदू उतरतो. एक किलोमीटर जाडीच्या बर्फाखाली तो शून्याच्या खाली साधारण पाऊण अंशावर असतो. त्यात जमिनीतून येणारी उष्णता आणि घर्षणाची उष्णता मिळते. म्हणून पृष्ठभागावर उणे ३० अंश असतानाही तळाशी पाणी असू शकते. जिथे असे होत नाही, तळ खडकाला गोठून चिकटलेला राहतो, तिथे बर्फ जुन्या जमिनीवर झाकण ठेवल्यासारखा बसतो. हजारो वर्षे बर्फाखाली राहूनही तिथले जुने भूरूप जसेच्या तसे बाहेर येते.

घासणे चालू राहायला आणखी दोन गोष्टी लागतात. झिजून निघालेले पीठ पाण्याने वाहून जायला हवे, नाहीतर दगड आणि खडक यांच्यामध्ये त्याचाच थर साचतो. हिमनदीखालून येणारे पाणी दुधाळ आणि पुढची सरोवरे निळसर-हिरवी दिसतात ती याच पिठामुळे. दुसरे म्हणजे दगड बेताचे हवेत. फार झाले तर घर्षण इतके वाढते की बर्फाचे सरकणेच मंदावते.

ही नुसती कल्पना नाही. १९७०च्या दशकात जेफ्री बोल्टन यांनी हिमनद्यांच्या तळाशी खडकावर संगमरवराच्या आणि बेसाल्टच्या पट्ट्या बसवून झीज मोजली. आइसलंडमधल्या ब्रेइदामेर्कुरयोकुल हिमनदीखाली बर्फ सुमारे ४० मीटर जाड आणि वर्षाला दहा मीटरच्या आत सरकणारा होता. तिथे संगमरवर वर्षाला ३ मिलिमीटर झिजला, बेसाल्ट १ मिलिमीटर. फ्रान्समधल्या आर्जांतिएर हिमनदीखाली बर्फाची जाडी १०० मीटर, वेग मात्र वर्षाला २५० मीटर. तिथे संगमरवराची झीज ३६ मिलिमीटरपर्यंत गेली. जाडी अडीचपट, वेग पंचवीसपट, झीज बारापट. नॉर्वेत एंगाब्रेन हिमनदीच्या तळाशी, सुमारे २०० मीटर बर्फाखाली, १९९२ पासून प्रयोगशाळाच आहे. खडकातल्या बोगद्यातून तिथे पोहोचतात आणि गरम पाण्याच्या फवाऱ्याने बर्फात पोकळी करतात. वरचा बर्फ ती पोकळी हळूहळू पुन्हा बुजवतो, म्हणून उपकरणे लावायची ती घाईनेच.

घासण्याइतकेच, पुष्कळदा त्याहून मोठे काम उपटण्याचे असते, आणि लोकप्रिय लेखांत ते जवळजवळ येतच नाही. खडकाच्या उंचवट्यावरून बर्फ पलीकडे उतरतो तेव्हा पाठीमागे थोडी पोकळी राहते आणि तिच्यात पाणी भरते. हे पाणी दाबाखाली असते तोवर बर्फाचा काही भार तेच उचलते. दाब अचानक उतरला की सगळा भार उंचवट्याच्या कडेवर येतो. आधीपासून असलेल्या भेगा रुंदावतात, ठोकळा सुटतो आणि सरकणारा बर्फ त्याला घेऊन जातो. किती मोठे ठोकळे निघतील हे खडकातल्या सांध्यांमधल्या अंतरावर ठरते. अखंड ग्रॅनाइटमध्ये हिमनदी घासत बसते, भेगाळ खडकात भराभर उपटते. एकाच दरीत एक भिंत गुळगुळीत आणि शेजारची पायऱ्यापायऱ्यांची दिसते, त्याचे उत्तर बहुधा इथे असते.

आता टेकड्यांकडे येतो, कारण घोळ इथेच जास्त होतो. मेषशिला आणि हिमोढगिरी (इंग्रजीत ड्रमलिन) या दोन्ही लांबट, गोलसर, हिमनदीखाली घडलेल्या. पण त्यांची तोंडे उलटी असतात. मेषशिला खडकाची. बर्फ ज्या बाजूने आला ती बाजू घासलेली, उताराची, गुळगुळीत. ज्या बाजूला गेला ती उपटलेली, तुटकी, उभी. हिमोढगिरी बहुतेक वेळा गोटे, वाळू आणि माती यांच्या सरमिसळीची. तिची बोथट, चढी बाजू बर्फ आला तिकडे आणि निमुळती शेपटी बर्फ गेला तिकडे. ‘उभी बाजू म्हणजे बर्फ गेला ती दिशा’ हा मेषशिलेचा नियम कुणी हिमोढगिरीला लावला तर अख्खी हिमनदी उलटी वाहू लागते. म्हणून दिशा ठरवण्याआधी टेकडी कशाची बनली आहे ते पाहायचे. ओढ्याने कापलेला काठ, रस्त्याची कटाई, विहिरीतून निघालेला माल, जे मिळेल ते.

तिसरा प्रकार एडिंबरोत सहज दिसतो. तिथला किल्ला सुमारे ३५ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या नळीत थिजलेल्या टणक खडकावर उभा आहे. पश्चिमेकडून आलेल्या बर्फाने त्याच्या दोन्ही बाजूंचा मऊ खडक कोरून नेला, पण पूर्वेकडे, आडोशाला, मऊ खडक लांब शेपटीसारखा शिल्लक राहिला. किल्ल्यापासून हॉलीरूड राजवाड्यापर्यंत उतरत जाणारा रॉयल माइल हा जुना रस्ता त्या शेपटीच्या पाठीवरून जातो.

हिमोढगिरींचा खरा मुलूख मात्र आयर्लंड. ‘ड्रमलिन’ हा शब्दच आयरिश भाषेतला, अर्थ ‘लहानशी पाठ’. पूर्वेला काउंटी डाउनपासून मोनाहन, कॅव्हन, लीट्रिम या परगण्यांतून थेट पश्चिम किनाऱ्यावरच्या क्ल्यू उपसागरापर्यंत त्यांचा पट्टा आहे. ब्रिटन-आयर्लंडमधल्या बहुतेक हिमोढगिरींची लांबी २५० ते १००० मीटर, रुंदी १२० ते ३०० मीटर, आणि लांबी रुंदीच्या दुपटी-चौपटीत भरते. उंची काही मीटरपासून काही दहा मीटरपर्यंत. एकटी टेकडी क्वचितच, शेकड्यांनी असतात, सगळ्यांचा कल जवळपास एकाच दिशेला. टोपलीत मांडलेल्या अंड्यांची उपमा त्यांना भूगोलात रूढ आहे. वरची माती चिकट, पाणी न सोडणारी. दोन टेकड्यांमधल्या खळग्यांत तळी आणि पाणथळ. रस्ते टेकड्यांना वळसे घालत जाणारे. क्ल्यू उपसागरात समुद्र वर चढल्याने या टेकड्यांची बेटे झाली. लोक त्यांची संख्या वर्षाच्या दिवसांइतकी, ३६५, सांगतात. अटलांटिकच्या लाटांनी त्यांची पश्चिम टोके कापून कडे केले आहेत आणि त्या कड्यांत टेकडीचे पोट उघडे पडते.

या पोटानेच अभ्यासकांना दीडशे वर्षे झुंजवले. काही हिमोढगिरींच्या आत खडकाचा गाभा असतो, काही आरपार गोटेमिश्रित मातीच्या, तर काहींत पाण्याने थर लावलेली वाळू आणि रेती. बाहेरचा आकार एक आणि आतला माल तीन तऱ्हांचा असेल तर आकार कशाने आला? आज सर्वांत पटणारे उत्तर असे. बर्फाखालचा पाण्याने भिजलेला गाळ स्वतःच थोडा-थोडा सरकतो. ज्या ठिकाणी पाण्याचा निचरा होतो तिथला गाळ ताठ राहतो, बाकीचा भोवतीने वाहतो. कुठेही लहानसा उंचवटा झाला की त्याच्यावरून जाणाऱ्या बर्फाचा दाब पुढे-मागे बदलतो आणि त्या बदलामुळे उंचवटा आणखी वाढतो. वाऱ्याने वाळूवर लहरी उमटतात त्याच जातीची ही गोष्ट. उंचवटा एका ठिकाणी आधी आलाच पाहिजे असे नाही. सपाट तळच अस्थिर असतो. आतला माल वेगवेगळा का, हेही त्यातून सुटते : जे तळाशी होते तेच टेकडीत गेले. तरीही प्रत्येक हिमोढगिरी याच वाटेने झाली असे कुणी ठासून सांगू नये. बर्फाखालच्या महापुरांनी त्या कोरल्या असे मानणारा मतप्रवाहही होता. आता त्याला पाठिंबा थोडा आहे.

हे सगळे अनुमानच राहिले असते, पण दोन ठिकाणी ते घडताना सापडले. पश्चिम अंटार्क्टिकात रटफर्ड हिमप्रवाहावर (हिमप्रवाह म्हणजे बर्फाच्या थरातला वेगाने सरकणारा पट्टा), दोन किलोमीटरहून जाड बर्फावरून, ब्रिटिश अंटार्क्टिक सर्वेक्षणाच्या लोकांनी १९९१, १९९७ आणि २००४ मध्ये त्याच रेषेवर लहान स्फोट करून तळाचे प्रतिध्वनी टिपले. पहिल्या सहा वर्षांत तळाचा एक भाग सहा मीटरने खचलेला निघाला, म्हणजे वर्षाला एक मीटर गाळ वाहून गेला. पुढच्या सात वर्षांत ती धूप थांबली आणि त्या टापूत सुमारे १० मीटर उंच आणि १०० मीटर रुंद उंचवटा उभा राहिला. टेकडी घडायला हजारो वर्षे लागतात ही समजूत तिथे मोडली. दुसरे ठिकाण आइसलंडमधल्या मूलायोकुल हिमनदीचे. तिचा काठ मागे सरकताना आतून हिमोढगिरींचा अख्खा समूह बाहेर आला. २०१० मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. ही हिमनदी मधूनमधून अचानक वेगाने पुढे धावते, आणि प्रत्येक धावेसोबत टेकडीवर गोटेमिश्रित मातीचा नवा थर चढत गेल्याचे तिथल्या छेदांत दिसते.

वेगवान हिमप्रवाहांखाली याच टेकड्या ओढून ओढून मैलोन्‌मैल लांब समांतर वरंबे होतात. स्वीडनमधल्या रोगेन सरोवराभोवती ते प्रवाहाला आडवे आहेत. आणि बर्फाखालच्या बोगद्यात वाहणाऱ्या पाण्याने साठवलेली वाळू-रेती बर्फ गेल्यावर नागमोडी बांधासारखी उरते. फिनलंडमधले पुंकाहार्यू हा अशा हिमकटकाचा प्रसिद्ध नमुना. यांची गल्लत हिमोढगिरीशी होऊ नये. हिमकटकातला माल धुतलेला, निवडलेला आणि गोटे गोल असतात.

मग हिमालयात हिमोढगिरींचे असे मोठे पट्टे का नाहीत? त्यांना रुंद, सपाट, गाळाने भरलेला तळ लागतो. हिमालयातल्या हिमनद्या अरुंद, तीव्र उताराच्या दऱ्यांत कोंबलेल्या आहेत, आणि तळाशी जे काही साचले ते नंतर नद्यांनी आणि दरडींनी उधळले. तिथे दिसतात ते मुख्यतः कडेचे आणि टोकाचे हिमोढ, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेले दगडमातीचे ढीग. पदभ्रमण करणाऱ्यांनी एक फरक जरूर ध्यानात ठेवावा. बर्फाच्या तळाशी दाबून बसवलेली गोटेमिश्रित माती कुदळीला दाद देत नाही इतकी घट्ट असते. कडेचा हिमोढ मात्र वरून ओतलेल्या ढिगासारखा सैल, कधीकधी पोटात बर्फ असलेला. केदारनाथच्या वर चोराबारी सरोवराला अडवून धरणारा बांध असाच कडेच्या हिमोढाचा होता. जून २०१३ मध्ये अतिवृष्टीत तो फुटला. दोन्हींना एकच ‘हिमनदीचा गाळ’ म्हणून मोकळे झाले तर कुठे तंबू ठोकावा आणि कुठे नाही, हे कळणार नाही.

आता इरई. १८५६ मध्ये ओडिशातल्या तालचेरजवळ मातीत विखुरलेले प्रचंड गोटे पाहून भूवैज्ञानिक ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड यांनी हे बर्फाचे काम असावे असे लिहिले. उष्ण कटिबंधात बर्फ ही कल्पनाच तेव्हा धाडसाची होती. नुसत्या गोट्यांवरून वाद मिटणारा नव्हता, कारण गोटे दरडीने किंवा पुरानेही येतात. इरईला पैनगंगेच्या खोऱ्यात तसेच गोटे ज्या चुनखडीवर बसले आहेत तिचाच पृष्ठभाग घासून चकचकीत झालेला आणि समांतर ओरखड्यांनी भरलेला सापडला. १८७५ मध्ये फेडन यांनी त्याचे वर्णन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नोंदींत छापले. वय सुमारे २९ ते ३० कोटी वर्षे. भारत तेव्हा गोंडवनाचा, म्हणजे दक्षिणेकडच्या खंडांच्या जोडलेल्या भूखंडाचा, भाग होता आणि दक्षिण ध्रुवाकडे होता. खंड सरकतात हे मांडताना वेगेनर यांनी दक्षिणेकडच्या खंडांवरच्या याच हिमयुगाचा आधार घेतला. चंद्रपूर, बल्लारपूर, वणीच्या कोळशाच्या थरांखाली याच हिमयुगातले थर, म्हणजे तालचेर गट, असतात. कोळशासाठी घेतलेल्या छिद्रातून त्याची हिरवट माती वर आली की कोळसा संपला असे समजतात. राज्यातल्या सर्वांत तापणाऱ्या जिल्ह्यांपैकी एकाच्या पायाखाली हिमनदीचा तळ आहे, ही गोष्ट विदर्भातल्या प्रत्येक शाळेत सांगितली गेली पाहिजे, असे आम्हाला मनापासून वाटते.

तिथे किंवा अशा कोणत्याही जागी जाणाऱ्यांनी काय पाहावे? सकाळी लवकर किंवा सूर्य मावळतीला असताना जावे. तिरप्या उजेडात ओरखडे उठून दिसतात, भर दुपारी दिसतच नाहीत. होकायंत्राने किमान वीस-तीस ओरखड्यांची दिशा घ्यावी. सगळे तंतोतंत समांतर नसतील. थोड्या कोनात छेदणारे दोन संच मिळाले तर बर्फाने दिशा बदलल्याची ती खूण असू शकते. पण ओरखडा फक्त रेषा सांगतो, बर्फ तिच्या कोणत्या टोकाकडे गेला ते नाही. त्यासाठी टणक गाठ शोधावी. चुनखडीत गारगोटीच्या गाठी असतात, त्यांच्या आडोशाला न झिजलेला लहानसा उंच पट्टा शेपटीसारखा राहतो. शेपटी जिकडे, बर्फ तिकडे गेला. चंद्रकोरीसारख्या खुणांच्या टोकांवर विसंबू नये, कारण खुणेच्या प्रकारानुसार ती उलटसुलट असतात.

वर गोटेमिश्रित माती असेल तर तिच्यातले लांबट गोटे मोजावेत, लांबी रुंदीच्या निदान दीडपट असलेले असे पन्नास. प्रत्येकाची दिशा आणि कल टिपावा. बर्फाने जागीच दाबून बसवलेल्या मातीत बहुसंख्य गोटे प्रवाहाला समांतर आणि बर्फ आला त्या बाजूला किंचित खाली कललेले असतात. वरचा निसटलेला थर खरवडून आतले गोटे घ्यावेत, नाहीतर मोजमाप हिमनदीचे न होता पावसात घसरलेल्या उताराचे होते. एक सावधगिरी : तालचेर गटातला प्रत्येक गोटेरी थर बर्फाच्या तळाशी बसलेला नाही. बराचसा नंतर पाण्यात घसरून पुन्हा साचला. म्हणूनच खाली ओरखडलेला खडक आणि वर गोटेरी थर ही जोडी जिथे एकत्र दिसते, त्या जागेचे मोल मोठे.

खडकाच्या भ्रंशातही सरकण्याचे चरे पडतात आणि नवखे त्यांना हिमनदीचे समजतात. भ्रंशाचे चरे खडकाच्या आत, दोन भागांच्या मधल्या फटीत असतात, बहुधा त्यावर खनिजाचे तंतू आणि बारीक पायऱ्या असतात. हिमनदीचे ओरखडे खडकाच्या उघड्या माथ्यावर असतात आणि त्यावर गोटे बसलेले असतात.

चुनखडी पावसाच्या पाण्यात विरघळते. इरईचे ओरखडे तीस कोटी वर्षे टिकले ते वर माती होती म्हणून. उघडे पडलेले ओरखडे दर पावसाळ्यात थोडे थोडे पुसट होतात. त्यामुळे पर्यटनासाठी म्हणून तो खडक आणखी साफ करून उघडा करण्याची कल्पना कुणी मांडली तर तिला ठाम विरोध व्हावा. तिथे हातोडा चालवू नये. चुनखडी ओळखायला विद्यार्थी सौम्य आम्लाचा थेंब टाकतात, तो प्रयोग जवळच्या सुट्या दगडावर करावा, ओरखड्यांवर नाही. ठसा हवा असेल तर कागद ठेवून त्यावर मऊ पेन्सिल फिरवावी. खडकावर नाव, बाण किंवा क्रमांक रंगवू नयेत. छायाचित्रात मोजपट्टी आणि उत्तर दिशा दिसेल असे पाहावे.

केंद्रीय खाण मंत्रालयाने भूवारसा स्थळांच्या संरक्षणासाठी कायद्याचा मसुदा डिसेंबर २०२२ मध्ये लोकांपुढे ठेवला होता. कायदा होईल तेव्हा होवो. जिल्हा प्रशासनाने तोवर इरईच्या जागेची हद्द आखावी, तिच्यापासून ठरावीक अंतरात दगड-मुरूम काढणे आणि भराव टाकणे बंद ठेवावे, रस्त्याच्या कडेला मराठीत एक माहितीफलक लावावा, आणि ओरखड्यांचा जो भाग आज मातीखाली आहे तो मातीखालीच राहू द्यावा.

आपले,
हिमभूरूपांचे अभ्यासक